विषय: घरमालक सही देईना, ३० जून जवळ आली (भाड्याचं रिबेट)

माई, अपर डार्बी (१७ जून २०२५)
नमस्कार मंडळी. आपल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ज्येष्ठांना भरलेल्या भाड्यातले काही पैसे परत मिळतात, त्या रिबेटच्या फॉर्मवर घरमालकाची सही हवी आहे. काल तिसऱ्यांदा भाड्याच्या ऑफिसात गेले. काचेखालून फॉर्म जसाच्या तसा परत आला. "आम्ही असल्या कागदांवर सही करत नाही", एवढंच उत्तर. गेल्या वर्षी भाडं किती घेतलं आणि इमारतीचा टॅक्स भरला जातो की नाही, एवढंच तर लिहायचं आहे! २०२४ चा एकही महिना मी चुकवलेला नाही. बाराही चेकची अर्धुकं पाकिटात घालून नेली होती, ती काचेमागच्या बाईने उघडूनसुद्धा पाहिली नाहीत. हे होते तोवर असली कामं हेच बघायचे. आता काय करू?

अण्णा, नॉरिसटाऊन
माई, सहीवाचून अडत नाही. फॉर्म पीए-१००० आरसी, म्हणजे भाड्याचा दाखला, नीट बघा. वरचा भाग घरमालकाचा आणि खाली 'रेंटल ऑक्युपन्सी अॅफिडेव्हिट', म्हणजे भाड्याने राहत असल्याचं तुमचं प्रतिज्ञापत्र. मालक सही देत नसेल तर खालचा भाग तुम्ही भरायचा आणि नोटरीसमोर सही करायची. घरी आधी सही करून नेऊ नका, नोटरी परत पाठवतो. पाच डॉलर घेतात. चेकच्या प्रती जवळ ठेवा. वर्षात घर बदललं असेल तर प्रत्येक घराचा वेगळा कागद लागतो.

नाना, लॅन्सडेल
अण्णा, एक मिनिट. माईंना ६५ कुठे पूर्ण झालीत? मागच्या वर्षी कोजागिरीला साठी केली ना त्यांची. मग नोटरीचे पैसे कशाला घालवायचे?

आक्का, एक्स्टन
नाना, असं अर्धवट लिहू नका, लोक वाचून गप्प बसतात. ६५ ची अट सर्वसाधारण आहे. पतीचं किंवा पत्नीचं निधन झालेलं असेल तर ५० पासून चालतं, अपंगत्व असेल तर १८ पासून. माई बसतात.

उत्पन्नाचंही सांगते, कारण आमचा अर्ज त्यावरच फेटाळला गेला होता. तेव्हा भाडेकरूला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा १५,००० डॉलर आणि घरवाल्याला, म्हणजे स्वतःच्या घरात राहणाऱ्याला, ३५,०००. आमचं उत्पन्न सोळा हजारांच्या आसपास होतं, स्वतःचं घर नाही म्हणून एक पैसा मिळाला नाही. किती रडले होते मी त्या दिवशी. २०२३ साली गव्हर्नर शपिरोंनी कायदा बदलला, दोघांनाही ४५,००० केली आणि पुढे महागाईप्रमाणे वाढत जाईल अशी सोय केली. २०२४ साठी ४६,५२० आहे. शिवाय सोशल सिक्युरिटीची रक्कम निम्मीच धरतात. माई, तुम्हाला यजमानांच्या नावावर मिळते ती पूर्ण धरून घाबरू नका. मात्र सांगलीच्या एफडीचं व्याज लपवू नका, ते धरायचंच.

बापू, लॅन्सडेल
माझं मत पटणार नाही कदाचित, पण लिहितो. आयुष्यभर कष्टाचं खाल्लं. सरकारपुढे हात पसरायचा आणि त्यासाठी ऑफिसच्या काचेपुढे ताटकळायचं, हे मला जड जातं.

आक्का, एक्स्टन
बापू, हात पसरणं कसलं? हा पैसा लॉटरीचा आहे, १९७१ पासून तो याच राज्यातल्या ज्येष्ठांसाठी ठेवलेला आहे. ऑगस्टमध्ये शाळेच्या टॅक्सचं बिल आलं की वहिनी महिनाभर औषधांचे पैसे मोजत बसतात, हे मला त्यांनीच सांगितलंय. घरवाल्यांनाही हेच रिबेट आहे. टॅक्स भरल्याची पावती जोडायची, सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त १,००० डॉलर मिळतात. तुम्ही भरा. नवरा-बायको मिळून अर्ज एकच.

ज्येष्ठ कट्टा, संयोजक
एक विनंती. फॉर्म भरून देण्याचं काम कट्टा पहिल्यापासून करतो. लिस्टवर जो तो सल्ला देऊ लागला तर गोंधळ होतो. कार्यकारिणीने वेगळा टॅक्स-मदत गट काढल्याचं आम्हाला परवा ईमेलवरूनच कळलं, याचं वाईट वाटलं. आमच्याकडे मोठ्या अक्षरांतल्या छापील प्रती आहेत. आणि कृपा करून कोणाला पैसे देऊन फॉर्म भरून घेऊ नका. आमच्या एका मावशींकडून ७५ डॉलर घेतले एकाने. सीनियर सेंटरमध्ये आणि आमदारांच्या ऑफिसात हे फुकट करून देतात.

अण्णा, नॉरिसटाऊन
वेगळा गट काढला कारण कट्टा महिन्यातून एकदाच भरतो आणि पुढचा कट्टा ५ जुलैला आहे. मुदत ३० जूनची. यात कोणाचा अपमान नाही.

नाना, लॅन्सडेल
मुदत वाढवतात हो दर वर्षी, ३१ डिसेंबरपर्यंत.

अण्णा, नॉरिसटाऊन
वाढवली तर उत्तम. पण १ जुलैपासून पैसे सुटायला लागतात. माईंनी डिसेंबरपर्यंत का थांबावं?

काका, किंग ऑफ प्रशिया
मी ७४ वर्षांचा, मुलाकडे राहतो. मला मिळेल का?

आक्का, एक्स्टन
काका, घर मुलाचं, टॅक्स तो भरतो, तुम्ही भाडं देत नाही. मग नाही मिळत. उगाच खोटी भाडेपावती करू नका.

माई, अपर डार्बी (१८ जून)
सगळ्यांचे आभार. खालचा भाग दिसला, मी तो फॉर्म उलटसुलट पाहिला होता तरी नजरेतून सुटला. बँकेत नोटरी असते, शनिवारी सकाळी १० ची वेळ घेतली आहे. सही केलेली नाही. आता दोन अडचणी. मायपाथवर, म्हणजे राज्याच्या टॅक्स खात्याच्या वेबसाइटवर, कागद चढवायचे कसे ते येत नाही, आणि बँकेपर्यंतची बस शनिवारी तासाने एकच आहे.

ज्येष्ठ कट्टा, संयोजक
माई, साडेनऊला दारात गाडी घेऊन येतो. अण्णा, तुम्ही लॅपटॉप घेऊन अकराला त्यांच्याकडे या.