विषय: [सभागृह] माइक एका यंत्राचा, आवाज दुसऱ्यातून: लिनक्सवर पक्कं कसं करायचं?

प्रेषक: मराठी शाळा समिती

नमस्कार मंडळी,

शनिवारी निम्मी मुलं हॉलमध्ये असतात, निम्मी घरून. हॉलच्या कॉम्प्युटरवर डेबियन १२ आणि ग्नोम आहे. टेबलावर यूएसबी माइक, आवाज मागच्या हिरव्या जॅकमधून अँप्लिफायरला. वेबकॅमलाही स्वतःचा माइक आहे.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला की कधी टेबलावरचा माइक लागतो, कधी वेबकॅमचा. शिवाय घरच्या मुलांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. होम फोल्डरमध्ये 'डॉट एसाउंडआरसी' नावाची फाइल आहे, त्यात कोणीतरी 'कार्ड १', 'कार्ड २' असं लिहून ठेवलंय. ती ठेवायची की काढायची?

प्रेषक: सभागृह तंत्रसाहाय्य

ताई,

काढा. पुसू नका, नुसतं नाव बदलून बाजूला ठेवा.

कार्डांचे आकडे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जे यंत्र आधी सापडेल त्या क्रमाने पडतात. वेबकॅम आणि माइक दोन्ही यूएसबीवर, त्यामुळे आज जो १ तो उद्या २. दुसरं म्हणजे, तुमच्या डेस्कटॉपवर आवाजाचा कारभार पाइपवायरकडे आहे. एसाउंडआरसी ही अल्साची, म्हणजे लिनक्सच्या मूळ ध्वनियंत्रणेची फाइल. तिच्यात डिफॉल्ट (आपोआप लागणारं यंत्र) बदललं की अल्साचे प्रोग्रॅम पाइपवायरला वळसा घालून थेट कार्ड धरतात. कार्ड आधीच कोणी धरलेलं असेल तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' हे उत्तर ठरलेलं. ब्राउझर त्या फाइलकडे बघतही नाही. म्हणजे टर्मिनलमध्ये माइक तपासला तो एका वाटेने आणि वर्ग भरला दुसऱ्याच वाटेने.

आता टर्मिनल उघडा. (यादीच्या नियमाप्रमाणे कमांड देवनागरीत लिहितोय. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं.) 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' दिलं की 'सिंक्स' म्हणजे आवाज बाहेर जाण्याच्या जागा आणि 'सोर्सेस' म्हणजे आत येण्याच्या जागा दिसतात. ज्याच्यापुढे चांदणी, तो डिफॉल्ट. हिरव्या जॅकच्या सिंकचा आकडा बघून 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट' आणि तो आकडा द्या. मग यूएसबी माइकच्या सोर्सचा आकडा घेऊन पुन्हा तेच. कमांड एकच, आकडा सिंकचा की सोर्सचा हे ती स्वतः ओळखते. हे आकडेही दर वेळी बदलतात, पण इथे काळजी नको: निवड आकड्याने नाही, यंत्राच्या नावाने जपली जाते.

वेबकॅमचा माइक कधीच लागणार नसेल तर तो मुळातच बंद करा. 'पाव्हूकंट्रोल' हा आवाजाच्या जोडण्या दाखवणारा प्रोग्रॅम टाका, त्याच्या शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये वेबकॅमचा प्रोफाइल 'ऑफ' करा. चित्र चालू राहतं, फक्त माइक जातो.

एवढं करूनही ब्राउझर जुनाच माइक धरून बसेल. बहुतेक जण इथेच अडकतात. एखाद्या प्रोग्रॅमला पूर्वी हाताने एखादा माइक दिला असेल तर ती जोडी लक्षात ठेवली जाते आणि ती डिफॉल्टपेक्षा वरचढ ठरते. वर्ग चालू असतानाच पाव्हूकंट्रोलचा 'रेकॉर्डिंग' टॅब उघडा. ब्राउझरची ओळ तिथे तेव्हाच दिसते, तिच्यापुढच्या यादीतून माइक बदला. मीटिंगच्या पानावर स्वतःची माइकनिवड असते, तीही बघा.

मुलांच्या परत येणाऱ्या आवाजाला दोन कारणं असू शकतात. अँप्लिफायर पूर्ण बंद करा. तरीही मुलांना स्वतःचं ऐकू येत असेल तर माइक म्हणून चुकून 'मॉनिटर' निवडला गेलाय. प्रत्येक सिंकबरोबर एक मॉनिटर सोर्स असतो, त्यात बाहेर जाणारा आवाज जसाच्या तसा मिळतो. 'पीएसीटीएल लिस्ट शॉर्ट सोर्सेस' दिल्यावर ज्या नावांच्या शेवटी 'डॉट मॉनिटर' दिसतं ती हीच. अँप्लिफायर बंद केल्यावर आवाज थांबला, तर हॉलच्या स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतोय. मग माइक स्पीकरच्या मागे न्या, त्याचा गेन (आवाज पकडण्याची पातळी) उतरवा, मीटिंगमधलं एको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी कापणं) चालू ठेवा. पेटी-तबल्याच्या वर्गाला मात्र नॉइज सप्रेशन बंदच हवं, नाहीतर पेटीचा लांबवलेला सूर गोंगाट समजून कापला जातो.

प्रेषक: ग्रंथालय समिती

दादांच्या मेलला एक पुरवणी. ग्रंथालयातल्या रेकॉर्डिंगच्या मशीनवर डेस्कटॉप नाही, पाइपवायर नाही, नुसता अल्सा. तिथे एसाउंडआरसी हाच मार्ग, फक्त आकड्यांऐवजी नावं लिहायची.

'एप्ले -एल' आणि 'एरेकॉर्ड -एल' या दोन याद्या वेगळ्या असतात. पहिलीत वाजवणारी यंत्रं, दुसरीत ऐकणारी. कार्डाचं छोटं नाव 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'एसाउंड/कार्ड्स' फाइलमध्ये चौकोनी कंसात मिळतं. इंटेलच्या आतल्या कार्डाचं बहुधा 'पीसीएच', स्वस्त यूएसबी यंत्राचं नुसतं 'डिव्हाइस'. तशीच दोन लावली तर दुसरं 'डिव्हाइस अंडरस्कोर १' होतं आणि क्रमाची रड परत सुरू. दोन वेगळ्या बनावटीची यंत्रं घ्या, सुटलात.

फाइलमध्ये डिफॉल्ट पीसीएमचा (आवाजाच्या वाटेचा) टाइप 'एसिम' लिहायचा, म्हणजे वाजवायचं कार्ड वेगळं, ऐकायचं वेगळं. 'प्लेबॅक डॉट पीसीएम'पुढे एका कार्डाचं नाव, 'कॅप्चर डॉट पीसीएम'पुढे दुसऱ्याचं. नावाआधी 'एचडब्ल्यू' नको, 'प्लगएचडब्ल्यू' हवं. बहुतेक यूएसबी माइक मोनो असतात. एचडब्ल्यूने स्टिरिओ मागितला की 'चॅनल्स काउंट नॉन अव्हेलेबल' म्हणून मोडतं, प्लग मधे बसून रूपांतर करतो.

तपासताना 'एरेकॉर्ड'ला '-एफ डॅट -डी ५' द्या, ५ सेकंद ४८,००० हर्ट्झवर रेकॉर्ड होईल. '-एफ' विसरलात तर ते ८ बिट, ८,००० हर्ट्झवर घेतं आणि चांगल्या माइकला उगाच नावं ठेवली जातात. काहीच येत नसेल तर 'अल्सामिक्सर', एफ६ ने कार्ड, एफ४ ने कॅप्चर, आणि स्पेसबारने 'कॅप्चर' हा शब्द उमटतोय का ते बघा.

एसिमची एक मर्यादा आहे. दोन यंत्रांची दोन घड्याळं. त्यांच्यात दहा लाखांत ५० चा फरक धरला तरी ४८,००० हर्ट्झवर सेकंदाला २.४ नमुने (आवाजाची मोजमापं), म्हणजे तासाला ८,६४० नमुने, जवळपास ०.१८ सेकंद. नुसतं रेकॉर्ड करताना याने काही बिघडत नाही. माइकचा आवाज त्याच क्षणी स्पीकरला द्यायचा असेल तर मात्र मधूनमधून 'टक्' ऐकू येतं. एसिम हा फरक भरून काढत नाही. पाइपवायर एका यंत्राला प्रमुख मानून दुसऱ्याचा वेग त्याला जुळवत राहतो.

प्रेषक: मराठी शाळा समिती

मॉनिटरच निवडलेला होता! बदलला. आता एकच: ऑफिसमधून कोणी ब्लूटूथ हेडफोन आणून जोडला की त्यातला आवाज टेलिफोनसारखा का होतो?

प्रेषक: सभागृह तंत्रसाहाय्य

ताई, हेडफोनचा माइकही वापरात आला म्हणून. चांगल्या आवाजाचा ए२डीपी प्रोफाइल आवाज एकाच दिशेने नेतो. माइक लागला की हेडफोन एचएफपी या फोनवर बोलण्याच्या प्रोफाइलवर उतरतो, तिथे बहुधा ८ किंवा १६ हजार हर्ट्झच मिळतात. 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये त्याला ए२डीपीवर ठेवा आणि 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये माइक टेबलावरचाच निवडा.