मित्राला घेऊन कोकणात गाडी काढायचीय, कुठला रस्ता घेऊ?

प्रश्न: माझा शाळेपासूनचा मित्र वडील गेल्यापासून अगदी गप्प गप्प झालाय, फोन उचलतो पण बोलत नाही, म्हणून म्हटलं दोन-तीन दिवस पुण्याहून निघून समुद्राकडेने सावकाश फिरवून आणावं. पळापळ नको, गर्दी नको. कुठून जाऊ?

उत्तर: भावा, डोळे झाकून ताम्हिणी उतर, माणगाववरून दिवेआगर गाठ. तिथून आरावीवरून श्रीवर्धन, हा रस्ता म्हणजे सुख आहे, उजव्या हाताला समुद्र अगदी खेटून आणि वाटेल तिथे गाडी बाजूला घेता येते. पुढे हरिहरेश्वर करून बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची, पलीकडे वेश्वीला उतरलं की केळशी, आडे, पाडले करत आंजर्ले. शनिवार-रविवार मात्र टाळ.

उत्तर: हर्णै चुकवू नका! संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूतच लिलाव सुरू होतो, सुरमई-पापलेटचे ढीग, कोळणींचा आवाज, समोर सुवर्णदुर्ग, माणूस आपोआप बघत उभा राहतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेवढं बघा.

उत्तर: दादा, रस्त्याचं वर सांगितलंयच, मी एवढंच म्हणेन की त्याला खोदून खोदून विचारू नका, थोडा वेळ गाडी त्यालाच चालवू द्या. माझ्या भावाच्या वेळी आम्ही हेच केलं, आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी बसला आणि आपणहून बोलायला लागला.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार सगळ्यांचे. मंगळवारी निघतोय, चावी त्याच्याच हातात देतो.