वागळे इस्टेटमधलं बंद शेड: पाडायचं की आत ऑफिसं करायची?

तीनहातनाका (धागाकर्ता)
ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये आमच्या रोजच्या वाटेवर साठच्या दशकातला एक बंद कारखाना आहे. करवतीच्या दात्यांसारखं नॉर्थ लाइट (उत्तरेकडून उजेड घेणारं) छप्पर, दीड फुटी विटांच्या भिंती, गेटला गंजलेलं कुलूप. आता तो पाडून काचेचा टॉवर येणार अशी कुजबुज आहे. मी म्हणतो, सांगाडा ठेवा आणि आत ऑफिसं करा.

हे जुन्याच्या प्रेमापोटी नाही हं. एक टन सिमेंट बनताना ढोबळमानाने ६०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या पायाचा आणि खांबांचा तो धूर कधीच सोडून झालाय. पाडलं की हे सगळं राडारोड्यात, आणि नव्याचा धूर वेगळा. छपराची काच उत्तरेला असल्यामुळे आत दिवसभर बिनउन्हाचा उजेड मिळतो, आणि दक्षिणेकडचा उतार सोलर पॅनेलला आयता. मशिनं पेलणारी जमीन टेबल-खुर्च्या पेलणार नाही का?

कळवेकर
एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली, आणि तिची सुरुवातच वागळेपासून. म्हणजे हे शेड आपल्या वडिलांपेक्षा लहान असेल. त्याला वारसा म्हणायचं तर आमची गळकी सोसायटीपण वारसाच!

खरा प्रश्न जागेचा आहे. ठाणे स्टेशनच्या इतक्या जवळ एकमजली शेड अडवून ठेवायचं, आणि तीच ऑफिसं मग घोडबंदरला लांब जाणार, माणसं गाड्या काढणार. कार्बन मोजताय ना, मग तोही मोजा.

तीनहातनाका
शेड उंच आहे. जुन्या खांबांवर भार न टाकता आत स्वतंत्र लोखंडी मजला उभा करता येतो. टॉवरएवढी जागा मिळणार नाही, हे मान्य.

जुना फिटर
तो बिनउन्हाचा उजेड मी वापरलाय, म्हणून बोलतो. मे महिन्याच्या शेवटी दुपारचा सूर्य ठाण्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर उन्हाळाभर उत्तरेकडे कललेला. आम्ही काचांना चुना फासायचो.

दुसरं, पावसाळा. दोन दात्यांच्या मधली पन्हळ पालापाचोळ्याने तुंबली की पाणी थेट आत. दर मेमध्ये वर चढून ती साफ करायला माणूस लागतो. तुमच्या ऑफिसात तो कोण ठेवणार?

आणि जमीन मजबूत आहे खरी, पण तिने काय काय प्यायलंय ते विचारा. कटिंग ऑइल तर झिरपलेलं असतंच. प्लेटिंग शॉप, म्हणजे धातूला मुलामा देणारा विभाग, असेल तर क्रोमियमही. आधी माती तपासा, मग बीनबॅग टाका.

लोअर परळची प्रवासी
काका +१. इतकी वर्षं गिरण्यांच्या आवारातल्या ऑफिसांत काढली. फोटोत विटांची भिंत, आणि गल्ली एवढीशी की दोन टेम्पो समोरासमोर आले की संपलं. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारात आगीत १४ माणसं गेली, ते आठवतं ना?

तीनहातनाका
ती आग गच्चीवरच्या पबमध्ये लागली होती. जुन्या भिंतींचा त्यात काय दोष? टॉवरच्या गच्चीवरही तसलं पेट घेणारं छत घालता येतं. गल्लीचा मुद्दा मात्र बरोबर. बंब आत वळत नसेल तर कंपाउंडची भिंत पाडावी, त्याला माझी हरकत नाही.

मुलुंडचा इंजिनीअर
दोघंही छपराकडे बघताय, पण ते छप्पर कशाचं आहे? त्या काळातलं म्हणजे बहुतेक सिमेंटचा पत्रा, आणि त्यात अॅस्बेस्टॉस. तो घण मारून फोडला की धूळ फुप्फुसात, तीही काम करणाऱ्या मजुराच्या. ओला करून, अख्खा उतरवून, पिशव्यांत सील करून घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवावा लागतो. शेड पाडा किंवा ठेवा, हा खर्च दोघांनाही चुकत नाही, पण चर्चेत कुणी धरत नाही.

खांब आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट) असतील तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा आरपार नमुना, काढून बघा. खाडीची हवा आहे. सळई फुगून वरचं काँक्रीट सुटलं असेल तर जॅकेटिंग (खांबाभोवती नव्या काँक्रीटचा थर) करता करता धागाकर्त्याची कार्बनची बचत बरीचशी खलास. विटांची भिंत आणि छपराला लोखंडी कैच्या (त्रिकोणी सांगाडे) असतील तर मी ठेवायच्या बाजूने. त्या गंजल्या तर दिसतं तरी, आणि तेवढाच तुकडा बदलता येतो. पत्र्याच्या जागी पफ पॅनेल (मध्ये फोम भरलेला पत्रा) टाका. काकांच्या चुन्याऐवजी काचेवर बाहेरून झडपा. पन्हळ रुंद करून टाकीला जोडा.

कळवेकर
हे सगळं करून भाडं टॉवरपेक्षा कमी येणार. मालक वेडा आहे का?

तीनहातनाका
मालक कसला? एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने असते. वापर बदलायचा तर परवानगी तिथूनच लागते. कोअर टेस्ट आणि मातीचा अहवाल आल्याशिवाय पाडायला परवानगी नाही, एवढी अट त्यांनी घालावी. अहवाल वाईट आला तर पाडा, मी काही बोलणार नाही.

कळवेकर
घालू दे अट. आणखी दहा वर्षं कुलूप तसंच राहील.

जुना फिटर
कुलूप तरी कसलं, मागची भिंत केव्हाच पडलीय. पोरं आत क्रिकेट खेळतात, त्या पत्र्याखालीच. तो पत्रा तरी आधी उतरवा.