'ब्लाइंड कॉन्टूर'ला मराठीत काय म्हणाल?

तलावपाळीकर: रविवारी सकाळी मासुंदा तलावाकाठी आम्ही काही जण स्केचिंगला बसतो, नवीन लोकांसाठी मराठीत पत्रक करायचंय आणि गाडी 'ब्लाइंड कॉन्टूर'वर अडलीय. म्हणजे नजर समोरच्या वस्तूवरून हलवायची नाही, कागदाकडे अजिबात बघायचं नाही, पेन शक्यतो उचलायचं नाही. एकाने 'अंध बाह्यरेखाचित्रण' सुचवलं, ते वाचून एका आजोबांनी विचारलं हा अंध मुलांचा कार्यक्रम आहे का. बरा शब्द सुचवा ना.

ऐरोलीची: 'आंधळं रेखाटन' म्हणा की. आंधळी कोशिंबीर चालतेच आपल्याला.

कोपरीवाला: आंधळ्या कोशिंबिरीत डोळ्यांवर पट्टी असते हो, इथे डोळे उलट जास्तच उघडे. दिसत नसतो तो आपलाच हात. आणि बाह्यरेषा तर नकोच. किमॉन निकोलाइडीस न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवायचे, त्यांचं पुस्तक ते गेल्यावर १९४१ मध्ये निघालं, त्यात ते आउटलाइन आणि कॉन्टूर वेगळं करतात. आउटलाइन ही सपाट कड, कॉन्टूर आतसुद्धा शिरते, नाकावरून गालावर येते, शर्टाच्या चुणीत बुडते. पेन्सिलीचं टोक कागदावर नाही, समोरच्या माणसालाच टेकलंय असं धरून मुंगीच्या चालीनं पुढे जायचं. हे 'बाह्य'मध्ये कुठे येतं?

नेरूळचे काका: भूगोलात कॉन्टूरला समोच्च रेषा हा तयार शब्द आहे.

कोपरीवाला: काका, समोच्च म्हणजे सारख्या उंचीची. चेहरा काढताना उंचीचा काय संबंध?

सीवूड्सवाली: टोक टेकवून जायचं असेल तर 'चाचपरेघ' का नको? चाचपडणं वेगळं आणि चाचपणं वेगळं बरं का. चाचपडतो तो गोंधळलेला असतो, खिसा चाचपणाऱ्याला काय शोधायचंय ते माहीत असतं.

ऐरोलीची: शब्द गोड आहे पण कुणाला कळणार? पेन, ब्रश, पॅलेट मराठीच झालेत, कॉन्टूरही होईल. उगाच शब्द पाडू नका.

नेरूळचे काका: 'दूरदर्शन'ही कुणीतरी पाडलाच होता ना ताई.

तलावपाळीकर: पत्रकात पुढे 'अपूर्णतेला कवटाळा' असंही आहे, ते चालेल?

सीवूड्सवाली: नाही हो!! कवटाळतात मृत्यूला. 'चुका होऊ द्या' लिहा सरळ.

कोपरीवाला: 'चुका'लाही माझा विरोध आहे. कान चेहऱ्याबाहेर जाऊन पडतो, दोन डोळ्यांची गाठ पडत नाही, सगळं कबूल, पण त्याच कानाची पाळी बघा, तशी पाळी कागदाकडे बघत काढलेल्या चित्रात येत नाही कारण तिथे आपण कान बघतच नाही, कानाचं पाठ झालेलं चिन्ह काढतो. रेघ वाकडी आली, चुकली कुठे? म्हणून मी नवख्यांच्या हातात पेन्सिल देत नाही, शाईचं पेन देतो, म्हणजे खोडायचा प्रश्नच नाही. तरी नजर खाली जातेच, मग जाड कागदाला भोक पाडून पेन त्यातून घालायचं, हात झाकला जातो.

ऐरोलीची: हे पटलं. इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रात मी कागद झिजेपर्यंत खोडलंय, रेषा सरळ हवी म्हणून.

नेरूळचे काका: तुम्ही 'रेषा' म्हणालात, कोपरीवाले 'रेघ' म्हणतात. मला वाटतं रेषा हा 'रेखा'चाच अवतार, जुन्या पोथ्यांत ख च्या जागी ष लिहायचे त्यातून आलेला. माझा अंदाज हं.

सीवूड्सवाली: मग भाग्यरेषा की भाग्यरेखा? आमच्याकडे रेषाच म्हणतात.

तलावपाळीकर: अहो पत्रक शुक्रवारी छापायला जातंय…

नेरूळचे काका: थांबा, दाते-कर्व्यांचा शब्दकोश माळ्यावर आहे, काढतो. आणि 'रेघोटी'चंही बघायला हवं, ती नुसती लहान रेघ की वेडीवाकडी रेघ?

सीवूड्सवाली: रेघोटी वाळूत, रेघ पाटीवर!