एटीव्ही चिखलात नुसती रेस घेते, पुढे सरकत नाही. मदत हवी आहे (निफाड)

निफाडकर_बागाईतदार
नमस्कार मंडळी. माझी एटीव्ही (चिखल-मातीत चालवायची जाड टायरची चारचाकी) चिखलात गेली की इंजिन ओरडतं, चाकं ढिम्म. ओढून घरी आणली की थोड्या वेळाने व्यवस्थित चालते. रविवारी इगतपुरीला न्यायची आहे. नवा बेल्ट (क्लचमधला, इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा) टाकू की क्लच उघडू? लवकर सांगा.

घोटी_मड
किती सीसी? टायर कोणते? पाणी कुठपर्यंत होतं? लो गिअर होता की हाय? जळका वास आला का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग बेल्ट टाका म्हणून कसं सांगायचं?

निफाडकर_बागाईतदार
570 सीसी, सगळं कंपनीचंच आहे. ओढ्यात पाणी जरा होतं.

सातपूर_गॅरेज
भाऊ, ‘जरा’ म्हणजे फूटरेस्टच्या खाली की वर? सगळं त्यावरच आहे.

निफाडकर_बागाईतदार
वर. हाय गिअर. वास नाही.

30इंची
टायर बदला, विषय संपला. 30 इंची मड टायर, दोन इंची गोट्या (टायरवरचे उंचवटे). निफाडच्या काळ्या मातीत कंपनीचे टायर गुळगुळीत होऊन बसतात.

सातपूर_गॅरेज
चाकं फिरतच नाहीत म्हणतायत ते, टायर काय करणार? बेल्ट ओला झालाय. क्लच कव्हरच्या तळाला ड्रेन प्लग असतो तो काढा, पाणी निथळू द्या. मग न्यूट्रलला टाकून 10-15 सेकंद कमीजास्त रेस द्या. फुल थ्रॉटल धरून ठेवू नका. गिअरबॉक्स बेल्टच्या नंतर असल्याने न्यूट्रललाही बेल्ट फिरतो आणि वाऱ्याने सुकतो. मग लो टाकून हळूच पुढे घेऊन बघा. बेल्ट घसरला तर परत तेच. प्लग बसवायला विसरू नका.
सुकल्यावर नीट चालते म्हणजे बेल्ट बहुतेक शाबूत आहे. तरी कव्हर उघडून कडा बघा. काचेसारखी चमक किंवा एका जागी खाल्लेला खड्डा दिसला तर बदला. पुलीच्या (बेल्ट ज्यावर फिरतो त्या चकत्यांच्या) तोंडांना तेल-ग्रीसचा हात लागू देऊ नका, ब्रेक क्लीनरने पुसा. नवा बेल्ट टाकताना बाणाची दिशा पाहा.

घोटी_मड
आणि चिखलात हाय गिअर कशाला? लो टाकला की बेल्टवरचा ताण बराच उतरतो. 30 इंचीवाले दादा, 570 ला एवढं चाक म्हणजे बेल्ट जाळण्याची सोय. क्लचची वजनं-स्प्रिंग न बदलता 27-28 च्या वर जाऊ नका. काळ्या मातीत गोट्या लांब लांब हव्यात, म्हणजे चाक फिरलं की माती उडून जाते. दाट गोट्यांत ती भरूनच राहते. इगतपुरीच्या भातखाचरात खाली टणक थर असतो, तिथे अरुंद टायर तळाला टेकतो.

30इंची
स्प्रिंग बदलायचीच असते, ती धरूनच लिहिलं होतं.

पंचवटी_प्रश्न
मध्येच विचारतो, एटीव्ही रस्त्यावर चालवता येते का? पासिंग होतं?

सातपूर_गॅरेज
साध्या एटीव्हीला नंबर मिळत नाही. पिकअपमध्ये टाकून न्या, चारही बाजूंनी पट्ट्याने बांधा. आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीत कोणी घालू नका, ते अभयारण्य आहे.

निफाडकर_बागाईतदार
प्लग काढला, कपभर गढूळ पाणी आलं. आता पाणी जाऊच नये म्हणून काय करू?

घोटी_मड
स्नॉर्केल, म्हणजे हवा पाण्याच्या वरून घेणारे उंच पाइप. पण तीन पाइप: इंजिनची हवा, क्लचची आत येणारी हवा आणि क्लचची बाहेर जाणारी. लोक तिसरा सोडतात आणि पाणी तिथूनच शिरतं. पाइप मूळ तोंडापेक्षा बारीक नको, नाहीतर बेल्ट तापतो. 90 च्या वळणाऐवजी 45 चे दोन वापरा, प्रत्येक सांध्याला होज क्लिप. इंजिन आयडलला ठेवून हवेच्या पाइपचं तोंड तळव्याने बंद करा. इंजिन बंद पडलं तर सांधे पक्के. चालूच राहिलं तर कुठेतरी हवा, म्हणजे उद्या पाणीही, आत जातंय. डिफरन्शियलचे (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचे) ब्रीदर पाइपही, म्हणजे त्यातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळ्या, हँडलपर्यंत उचला.

सातपूर_गॅरेज
स्नॉर्केल लावलं म्हणून खोल पाण्यात घालू नका, रेडिएटरचा पंखा आणि वायरिंगचे सॉकेट खालीच राहतात. सॉकेटमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. धुताना रेडिएटरला प्रेशर गन मारू नका, जाळी आडवी होते. मागून पुढे, साध्या नळाने धुवा. चिखल वाळला की हवा अडते आणि इंजिन तापतं.
पाणी फूटरेस्टच्या वर होतं, म्हणून रविवारच्या आधी इंजिनची डिपस्टिक (तेल बघायची पट्टी) आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल बघा. दुधाळ दिसलं तर बदला. इंजिनचं तेल दुधाळ असेल तर बदलल्याशिवाय स्टार्टर मारू नका.

निफाडकर_बागाईतदार
डिपस्टिक स्वच्छ. मागच्या डिफरन्शियलचं चहासारखं झालंय. तेल किती लागेल?

सातपूर_गॅरेज
मॅन्युअलमध्ये माप दिलेलं असतं, त्यापेक्षा जास्त भरू नका. पहिलं तेल टाकून थोडी फिरवा, परत काढा, मग कायमचं भरा. एकदाच बदललं तर तळाशी पाणी उरतं.