मदत हवी आहे: रानससा आणि रातवा यांची तुलना मुलांसाठी कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

शाळकरी मुलांसाठी माळरानावरच्या जीवांचा एक भित्तितक्ता करतेय. त्यात रानससा आणि रातवा हा निशाचर पक्षी शेजारी शेजारी हवेत. एकजण म्हणाले, रातव्याऐवजी घुबड घ्या, मुलांना ओळखीचं असतं. पण मोठी घुबडं सशावरही झडप घालतात, तिथे नातं शिकार-शिकाऱ्याचं होतं. मला हवे आहेत उघड्या जमिनीवर लपणारे दोघे.

ससा चरतो, रातवा उडता उडता किडे गिळतो, हे फरक मुलं आपणच सांगतील. साम्य मात्र दाखवावं लागतं. रानससा बीळ खणत नाही, गवताच्या बुडाशी अंग मावेल एवढा खळगा करून कान पाठीला चिकटवून बसतो. रातवा तेवढंही करत नाही. पाचोळ्यात नुसता बसतो, डोळ्यांची बारीक फट ठेवून. पाऊल अगदी जवळ पडेपर्यंत दोघंही हलत नाहीत.

आणि पिल्लं! रानसशाची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव सशांची जन्मतः उघडीवाघडी आणि डोळे मिटलेली असतात. रातव्याची मादी घरटं न करता जमिनीवरच अंडी घालते, बहुधा दोन, आणि त्यातून मऊ लव असलेली पिल्लं निघतात. धोका दिसला की मोठा पक्षी पंख मोडल्याचं सोंग करत शत्रूला लांब नेतो. सशीण उलट पिल्लांपासून दूर राहते, दूध पाजण्यापुरती येते. म्हणूनच एकटं पिल्लू दिसलं की लोक कळवळून उचलून आणतात. ते तिथेच राहू द्यावं, ही ओळ तक्त्यावर सगळ्यात ठळक हवी.

अडचण दोन ठिकाणी आहे. रातव्याचे डोळे टॉर्चच्या उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात, कारण आत प्रकाश परतवणारा थर असतो. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. ही दोन कामं एकाच चित्रात कशी दाखवू? वरून काढलेलं डोकं आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कळेल का?

दुसरं, 'पिल्लू उचलू नका' हे दटावल्यासारखं न वाटता कसं लिहावं? मुलांसोबत माळावर जाणाऱ्यांनी कृपया आपले शब्द सुचवा. फोटोही चालतील, फक्त अंड्यांवरच्या पक्ष्याला उठवून काढलेले नकोत.