शब्दचर्चा: 'समतल' चर, 'बांध' की 'बंधारा', आणि टीसीएम

ओंजळ:
जलयुक्त शिवार अभियानाच्या गाव आराखड्यात 'सलग समतल चर', 'अनघड दगडी बांध', 'सिमेंट नाला बांध', 'कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा' अशी कामं एकाखाली एक लिहिलेली असतात. 'समतल' म्हणजे सपाट का? उतारावर सपाट चर खणायचा कसा? आणि बांध कुठे संपतो, बंधारा कुठे सुरू होतो?

मुरूम:
सपाट नव्हे, एका पातळीत. डोंगराच्या अंगावर सारख्या उंचीचे ठिपके जोडत गेलं की नागमोडी रेघ उमटते, तिच्यावर चर घ्यायचा. 'समपातळी चर' म्हटलं असतं तर निम्मा घोटाळा टळला असता. त्यात बोलताना सगळे 'सीसीटी' (कंटिन्युअस कंटूर ट्रेंच) म्हणतात, म्हणजे पातळीचा उल्लेखही गेला, आणि जेसीबीवाला सरळ रेघ मारून मोकळा होतो.

ती सरळ रेघ महागात पडते. नेहमीचा चर 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल, म्हणजे मीटरमागे 180 लिटर पाणी. 30 मीटर लांबीत शंभरास एक एवढाच कल राहिला, तरी दोन टोकांत 30 सेंमीचा फरक पडतो. चराची अख्खी खोलीच तेवढी! वरचं टोक कोरडं असतानाच खालच्या टोकाचा भराव फुटतो आणि तिथे नवी घळ पडते. म्हणून आखणी ए-फ्रेमने (इंग्रजी A च्या आकाराची, पातळी दाखवणारी चौकट) किंवा हायड्रोमार्करने (दोन पट्ट्यांना बांधलेली पारदर्शक नळी, आत पाणी) करतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं. खणलेली माती उताराच्या खालच्या अंगाला, काठापासून जागा सोडून टाकायची. काठाला चिकटून टाकली तर पहिल्या पावसात ती परत चरात.

पाटकरी:
बांध-बंधाऱ्याचा ढोबळ नियम असा: बांध मातीचा, त्याच्यावरून पाणी जाता कामा नये, बंधारा प्रवाहाला आडवा, त्याच्यावरून पाणी गेलं तरी चालतं. माती नाला बांधाला म्हणूनच बाजूने सांडवा काढावा लागतो. सांडवा अरुंद ठेवला की पाणी माथ्यावरून जातं आणि बांध एका रात्रीत वाहून जातो. पण सरकारी नावं हा नियम पाळत नाहीत. सिमेंट नाला बांध नावाने बांध, वागणुकीने बंधारा.

'अनघड' म्हणजे न घडवलेला, टाकी (छिन्नी) न लावलेला दगड. अशा दगडी बांधात सिमेंट नसतं आणि नसावंच: पाणी फटींतून हळू जायला हवं, गाळ मागे राहायला हवा. मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खोलगट ठेवायचा, नाहीतर पाणी बगलेतून काठ खात जातं. ओघळीत एकाखाली एक घालताना खालच्याचा माथा वरच्याच्या पायाशी यावा. दगड त्याच ओघळीचा तळ उकरून काढू नयेत, हे सांगूनही होतंच.

कोल्हापुरी बंधाऱ्याचा जीव बर्ग्यांत, म्हणजे त्याच्या गाळ्यांत बसवायच्या काढत्या-घालत्या फळ्यांत. पावसाळ्यापूर्वी बर्गे काढायचे, म्हणजे पुराबरोबर गाळ निघून जातो. पावसाळा ओसरता ओसरता, प्रवाह चालू असतानाच ते बसवायचे. उशीर झाला तर भिंत उभी आणि पाणी पसार.

मुरूम:
'बांध' शब्दाचं खरं दुखणं वेगळंच आहे. शेतकऱ्याच्या लेखी बांध म्हणजे हद्द. 'बांध कोरणे' म्हणजे शेजाऱ्याची जमीन चोरणे, त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात. 1942 च्या जमीन सुधारणा योजना कायद्याखाली जी बांधबंदिस्ती झाली, तिच्यातला समपातळी बांध हद्द पाहत नाही, उतार पाहतो. शेताच्या मधून तिरका गेला की औताला कोनाडे उरतात, वरच्याच्या शेतात पाणी तुंबतं, आणि खालचा म्हणतो की माझी जमीन गेली. मग बांध फोडले जातात. शब्द एक आणि अर्थ दोन असले की असं व्हायचंच. माझं मत: आराखड्यात 'हद्दीचा बांध' आणि 'पाण्याचा बांध' असं सरळ लिहावं.

ओंजळ:
आणि आराखड्यातला 'टीसीएम'? टीएमसीचंच उलटं रूप समजत होते.

पाटकरी:
बिलकूल नाही, आणि ही चूक बातम्यांतही होते. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, दहा लाख लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे 28,317 टीसीएम. 1,000 हेक्टरच्या गावात 500 मिमी पाऊस पडला तर शिवारावर 5,000 टीसीएम पाणी पडतं. मोठा आकडा वाटतो, पण टीएमसीत तो पावसुद्धा भरत नाही.

'पाण्याचा ताळेबंद' यावरूनच मांडतात. जमेला पाऊस, खर्चाला माणसं, जनावरं, पिकं. त्यात 'अपधाव' येतो तो वाहून जाणारा भाग, बहुधा स्ट्रेंजच्या तक्त्यावरून (पावसाच्या मापावरून अपधाव सांगणारा तक्ता) काढलेला. गावात हा शब्द कुणी बोलत नाही, 'वाहून गेलेलं पाणी' म्हणा. जपायचं एवढंच की नाला बांधातला साठा आणि त्यातूनच मुरून विहिरीत आलेलं पाणी जमेत दोनदा धरायचं नाही. तसं धरलं की कागदावर गाव पाणीदार होतं आणि मार्चमध्ये टँकर येतो.

ओंजळ:
'लोकवाटा' आणि 'लोकसहभाग' एकच का?

मुरूम:
लोकवाटा मोजता येतो: पैसे किंवा श्रम, खर्चाच्या ठरलेल्या हिश्श्याइतके. लोकसहभाग सैल शब्द आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 साली आली तेव्हा यंत्राच्या इंधनाचा भार शासनाने उचलायचा आणि गाळ शेतकऱ्याने आपल्या खर्चाने वाहायचा, अशी वाटणी होती. तिथे तो सैल शब्द ट्रॅक्टरच्या भाड्यात मोजला गेला.